‘ळ’चं पान

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते संगणकावर एकदा केलेली फाइल घरबसल्या पुन्हापुन्हा विकण्याच्या उद्योगाबद्दल.

माझी भाची न्यू जर्सीत राहते. तिचा मुलगा पाच वर्षांचा झाला तेव्हा तिचा फोन आला, ‘‘मावशी, एक अंकलिपी पाठव ना कुरिअरनं.’’ मी चौकशी केली. अंकलिपी तीस रुपयांची आणि ती तिकडे पोचवायचं भाडं दोन हजारांच्या वर. मी सांगलीत पहिली-दुसरीच्या पोरांकडून अक्षरं गिरवून घेण्यात उमर घालवलेली बाई. म्हटलं, एवढं कशाला, पानं मीच काढते. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं काढली, शेजारी चित्रं काढली, फोटो घेतले आणि व्हॉट्सॲपवर धाडले. तिनं तिकडे छापून घेतले. आठवड्याभरात तिच्या दोन मैत्रिणींनी तीच पानं मागितली. तिसरीनं विचारलं, ‘‘काकू, याचे किती द्यायचे?’’

मी गप्पच झाले. ज्याला वजन नाही, जे देऊनही माझ्याकडे तसंच्या तसं शिल्लक राहतं, त्याचे पैसे कुठल्या तोंडानं मागायचे?

घरगुती उद्योग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पापड येतो. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, त्यातून लिज्जत उभं राहिलं, हे आपण ऐकलेलं असतं. पापडाचा हिशोब हाताला कळतो. डाळ एवढी, लाट्या एवढ्या, आणि विकला की पापड संपला. माझ्या पानांचं सगळं उलटं. पहिला संच नीट करायला तीन आठवडे गेले, त्याचीच दुसरी प्रत विकायला काहीच लागलं नाही. मग किंमत कशाची? मी माझ्यापुरतं ठरवलं, की रात्री मूल झोपल्यावर पानं आखत बसणाऱ्या आईचे जे दोन तास वाचतात, त्यांची. भारतात दीडशे रुपये, बाहेर तीन डॉलर. चूक असेल, पण काहीतरी ठरवावं लागतं.

आता ‘नीट करायला’ म्हणजे काय, ते सांगते, कारण सगळी मेख तिथंच आहे.

हातानं काढलेल्या पानांचे फोटो नात्यात चालतात. पैसे घेतले की चालत नाहीत. म्हणून मी संगणकावर बसले. शाळेतला जुना फाँट माझ्या ओळखीचा, त्यातच सगळं टंकलं आणि तशीच फाइल पाठवली. तिकडे उघडल्यावर अक्षरांच्या जागी नुसता चिन्हांचा कचरा. ते जुने फाँट युनिकोडच्या आधीचे; युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर चालणारा एकच ठरलेला क्रमांक. ज्याच्या संगणकावर तो फाँट नाही, त्याला मराठी दिसत नाही. मग युनिकोड शिकले, पीडीएफ करायला शिकले. पीडीएफमध्ये फाँट फाइलीच्या पोटातच घालता येतो, म्हणून ते पान सगळीकडे सारखं दिसतं. फाँट विकत घ्यावा लागला नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ नावाच्या फाँट करणाऱ्या मंडळींनी केलेला ‘मुक्त’ आहे, आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ आहे; दोन्ही मुक्त परवान्याचे. त्यांत केलेलं पान विकलं तर चालतं. मात्र चकटफू मिळालेल्या प्रत्येक फाँटाला ही मुभा नसते. परवाना वाचायचा. कंटाळवाणं काम आहे, पण वाचायचा.

मग ‘ल’ आणि ‘श’ची भानगड. पुष्कळ फाँटांत ही दोन अक्षरं हिंदी वळणाची येतात. आपल्या ‘ल’ला दोन पाकळ्या असतात, हिंदीतल्याला उभी दांडी. राज्य सरकारनं २००९च्या शासन निर्णयात मराठी वळण ठरवून दिलं होतं. मोठ्या माणसाचं यावाचून काही अडत नाही हो, पण जे मूल पहिल्यांदाच गिरवतंय, त्याचा हात त्याच वळणावर बसतो. काही फाँटांत मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की अक्षरं आपोआप बदलतात. हे कळायला मला चार दिवस लागले. तुम्हाला फुकट सांगते आहे.

एवढं करून संच विकायला ठेवला, आणि पहिल्याच आठवड्यात भाचीचा फोन. ‘‘मावशी, याला वाटतंय मुळाक्षरं ‘ह’ला संपतात.’’ झालं होतं असं, की मी पान ए-फोर आकाराचं केलं. अमेरिकेत कागद लेटर आकाराचा, म्हणजे साडेआठ बाय अकरा इंच. रुंदीला आपल्यापेक्षा किंचित जास्त, पण उंचीला पावणेदोन सेंटीमीटरनी कमी. छापताना शेवटची ओळ कापली गेली. ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ तिघंही गायब! तेव्हापासून प्रत्येक संच दोन आकारांत देते. ज्यांनी आधी घेतला होता त्यांना एकेकीला निरोप धाडून नवा दिला. हाच तो ‘झोपेत पैसे मिळवून देणारा’ धंदा. मोबाइलवर तशा जाहिराती करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा माल बहुतेक वेळा एकच असतो, झोपेत पैसे कसे मिळवावेत याचा कोर्स. मी झोपले असताना माझ्याकडे येतात ते प्रश्न. न्यू जर्सीत दुपार असते तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र.

दुकान कुठं मांडायचं? ओळखीतल्यांना मी आजही यूपीआयनं पैसे घेऊन ईमेलनं फाइल पाठवते. परक्यांसाठी बाजार लागतो. एट्सी नावाचा बाजार २००५ साली ब्रुकलिनमध्ये सुरू झाला, मूळचा हस्तकलेचा. तिथं छापून घ्यायच्या फाइलीही विकल्या जातात. एक वस्तू मांडायचे वीस सेंट, चार महिन्यांसाठी. विकली गेली की किमतीच्या साडेसहा टक्के, हा दर २०२२ पासूनचा. पैसे हातात येईपर्यंतची वजावट वेगळी. तीन डॉलरमधून हे सगळं वजा करून पाहा, म्हणजे मी पन्नास सुटी पानं पन्नास ठिकाणी न मांडता एकच जाड संच का विकते ते कळेल.

कराचं थोडक्यात सांगते. जीएसटीत आपला हा माल सेवेत मोडतो आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. माझी उलाढाल तिथून इतकी दूर आहे की माझे सीए हसले. मिळकत मात्र पहिल्या रुपयापासून विवरणपत्रात दाखवायची. परदेशातून पैसे येणार असतील तर सुरुवातीलाच सीएंना विचारून घ्या.

दुसऱ्याच्या कविता आणि चित्रं घेण्याचा मोह आवरा. मलाही झाला होता. आपल्याकडे १९५७च्या कायद्यानं लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क त्याचा किंवा वारसांचा राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून खुलं झालं. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत थांबायचं. आणि गुगलवर सापडलेलं हत्तीचं चित्र कुणाचं तरी असतंच. माझा हत्ती माझ्या नवऱ्यानं काढलाय. डुकरासारखा दिसतो, पण आमचा आहे.

आणि चोरी? होते. एकीनं घेतला की अख्ख्या ग्रुपवर फिरतो. एक बाई तर मला म्हणाल्या, ‘‘तुमचा संच फार छान, मी पंचवीस जणींना पाठवला.’’ अभिनंदन करावं की भांडावं कळेना. मी पानाखाली एवढंच लिहिते, ‘हा संच एका घरासाठी’. तिकडच्या महाराष्ट्र मंडळांच्या सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या मराठी शाळांसाठी वेगळा दर ठेवला, आणि गंमत म्हणजे त्या शिक्षिका आपणहून विचारून पैसे देतात. त्यांना माहीत असतं, पान आखायला काय लागतं.

लोक मला विचारतात, आम्ही काय विकावं? मला कसं ठाऊक असणार? आमच्या सोसायटीचे माजी खजिनदार देखभाल खर्चाची एक्सेल शीट विकतात. सूत्रं सगळी आत बसवलेली, नुसते फ्लॅटचे आकडे भरायचे. वीस वर्षं सभांमधून शिव्या खाल्ल्यावर झालेली शीट आहे ती. मिरजेतल्या एक शिवणाऱ्या बाई ब्लाउजचे कागदी नमुने मापासकट पाठवतात. दोघांकडेही लोक आधीपासून फुकट विचारायला येत होते. तुमच्याकडे कोण काय विचारायला येतं ते आठवून बघा.

माझ्यापुढचं काम सांगते आणि थांबते. गेल्या आठवड्यात टोरोंटोहून एका आईचा निरोप आला. तिचा मुलगा ‘कमळ’ला ‘कमल’ म्हणतो आणि ‘बाळ’ला ‘बाल’. ‘ळ’चा निराळा संच हवाय, वीस पानांचा, प्रत्येक पानावर एक शब्द आणि एक चित्र. बाळ, केळं, तळं, फळा, डोळा, नळ, माळ, कावळा, गोळा, पळी असं करत एकोणीस झाले. पाच वर्षांच्या मुलाला चित्रात दाखवता येईल असा विसावा शब्द काही सापडत नाही. नवरा ‘घोटाळा’ म्हणतोय. नमस्कार.