चोवीस तासांचा नियम फौजेला का नाही?

समजा आज रात्री आपल्या बेळगावच्या हिंडलगा जेलमध्ये एखादा कैदी मेला, तर चोवीस तासांच्या आत ती खबर दिल्लीत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला जायलाच लागते. १९९३ च्या डिसेंबरात आयोगानं राज्यांना तसं पत्र काढलं, आधी पोलीस कोठडीसाठी, मग जेलसाठी पण. त्यात एक ओळ फार कामाची आहे बघा, वेळेत कळवलं नाही तर प्रकरण दाबायचा प्रयत्न झाला असं धरलं जाईल. म्हणजे कुणी तक्रार करेल मग बघू, असं नाही, कळवायची जबाबदारी खात्याचीच.

आणि फौजेचं? ते पत्र राज्यांच्या मुख्य सचिवांना होतं, फौजेला नव्हे. फौजेसाठी मानवाधिकार कायद्यात वेगळं कलम १९ आहे. त्यात आयोग काय करू शकतो तर केंद्र सरकारकडून रिपोर्ट मागवतो, रिपोर्ट बघून शिफारस करतो, सरकार तीन महिन्यांत काय केलं ते कळवतं, संपलं. स्वतः जाऊन चौकशी नाही. आणि रिपोर्ट मागवायला आधी घटना कळायला तर पाहिजे! ती कोण कळवणार, तर गावातला बाप, ज्याचा पोरगा गेलाय. वर परत कलम ३६ म्हणतं घटनेला वर्ष उलटलं की आयोग चौकशी करू शकत नाही. कळवायची सक्ती नाही आणि मुदत मात्र आहे, हे मला पटत नाही.

मला माहीत आहे समोर सुभेदार साहेब बसलेत, मनात म्हणत असतील मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावात येऊन हा वकील काय बोलतोय. साहेब, कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची आतली चौकशी, होते, मान्य. आर्मीचा स्वतःचा मानवाधिकार विभाग पण १९९३ पासून आहे. पण चौकशी करणारे सगळे फौजेतलेच ना, ते कितीही सरळ असले तरी बाहेरच्या माणसाला विश्वास बसायला बाहेरचं कुणीतरी लागतं. सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे म्हणाल, ते पेन्शन, प्रमोशन, कोर्ट मार्शलवरचं अपील यासाठी, घटना कळवून घ्यायचं काम त्याचं नाही.

न कळण्याची किंमत मणिपुरात दिसली. २००९-१० मधल्या सहा एन्काउंटरच्या केसेस, पोलीस आणि आसाम रायफल्सच्या, घरचे लोक सुप्रीम कोर्टात गेले तेव्हा २०१३ मध्ये कोर्टानं तीन जणांचं कमिशन नेमलं, अध्यक्ष संतोष हेगडे, आपल्या कर्नाटकचे लोकायुक्त होते तेच. सहाच्या सहा एन्काउंटर खरे नव्हते असा रिपोर्ट आला. त्यात एक पोरगा बारा वर्षांचा होता.

आणि हे फक्त सिव्हिलियनसाठी आहे असं समजू नका, जवानासाठी पण आहे. इंग्लंडात डीपकट नावाच्या छावणीत १९९५ ते २००२ मध्ये ट्रेनिंगमधली चार पोरं गोळी लागून मेली, सुरुवातीला आत्महत्या समजून फाईल पुढं गेली, आईबाप वर्षानुवर्षं भांडले. त्यातनंच २००८ मध्ये तक्रारींसाठी वेगळा कमिशनर आला. मग २०२३ मध्ये तिथं फौजी पोलिसांवर देखरेख ठेवणारा स्वतंत्र कमिशनर बसवला, आणि त्या पोलिसांच्या कामात कुणाचा जीव गेला किंवा गंभीर जखम झाली तर ते प्रकरण त्याच्याकडं पाठवायची सक्ती केली. अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेवलं नाही. जर्मनीत तर १९५६ पासून राज्यघटनेतच जवानांच्या तक्रारी बघणारा संसदेचा माणूस आहे, जवान वरिष्ठाला न विचारता थेट त्याला लिहू शकतो. तिथं शिस्त बिघडली असं काही कुणी म्हणत नाही.

आपल्याकडं काय पाहिजे ते मी सांगतो, फार मोठं नाही. ताब्यातला मृत्यू, गोळीबारातला सिव्हिलियनचा मृत्यू, ट्रेनिंगमधला मृत्यू, ठरलेल्या तासांत आयोगाला कळवायचं. ऑपरेशनची माहिती गुप्त राहू दे की, घटना घडली एवढं कळवायला काय गुप्त लागतं?

मागं ताईंनी हात वर केलाय, आयोगाकडं आत्ता अर्ज करता येतो का विचारतायत. हो, अर्ज आत्ता सुद्धा करता येतो. फी लागत नाही, वर्षाच्या आत टाका, युनिटचं नाव, तारीख, कळवणाऱ्याचा फोन आला ती वेळ, सगळं लिहा. आणि आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत चालतो, म्हणजे मराठीत पण, हे बेळगावात मुद्दाम सांगायला लागतं. पोचपावती जपून ठेवा, झेरॉक्स दोन काढा, एक घरी एक दुसरीकडं.