ब्रिटिश सिटकॉममध्ये ते नेमके कशावर हसतात?

नमस्कार मंडळी. ‘फॉल्टी टॉवर्स’ या जुन्या ब्रिटिश विनोदी मालिकेच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय: इंग्रजी समजतं, सबटायटल लावलेली असतात, तरी प्रेक्षक का हसले ते कळत नाही. आज फक्त त्यावर बोलू.

एक गोष्ट आधी उरकून टाकतो. तो हशा मागाहून चिकटवलेला नसायचा. बीबीसीच्या या मालिका स्टुडिओत, समोर प्रेक्षक बसवून चित्रित व्हायच्या. बाहेरची दृश्यं आधीच, बऱ्याचदा फिल्मवर, घेऊन त्याच प्रेक्षकांना दाखवत. म्हणून पात्र घराबाहेर पडलं की बऱ्याचदा चित्राचा पोत एकदम बदलतो. हशा ओसरेपर्यंत नट थांबतात आणि आपल्या कामाची जागा तीच. हशा आला पण विनोदी वाक्य काही सापडलं नाही, असं झालं की तिथेच पॉज करा. दहा सेकंद मागे जा, आवाज बंद करा आणि जो बोलत नाहीये त्याचा चेहरा बघा.

आता मुद्द्याचं. "ब्रिटिश विनोद कोरडा असतो" हे वाक्य इतकं घासलं गेलंय की त्यातून काहीच कळत नाही. कोरडा वगैरे राहू द्या. यातले बहुतेक विनोद सामाजिक वर्गावर आहेत. कोण कुठल्या घरातलं, कुठल्या शाळेतलं, आणि कोण आपण त्याहून वरचे आहोत असं भासवतंय, हे कळलं की निम्मं काम झालं.

‘डॅड्स आर्मी’ घ्या. १९६८ ते १९७७, ८० भाग. दुसऱ्या महायुद्धातलं होमगार्डचं, म्हणजे देशरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या स्वयंसेवकांचं पथक. त्याच्या प्रमुखाचं नाव लिहिलेलं दिसतं ‘मेनवेअरिंग’सारखं, उच्चार मॅनरिंग. हा कॅप्टन, आणि बँकेचा मॅनेजरही. सार्जंट विल्सन त्याच्या हाताखाली, बँकेतही आणि पथकातही. पण मॅनरिंग ग्रामर स्कूलचा, म्हणजे मध्यमवर्गीयांच्या शाळेतला, आणि विल्सन पब्लिक स्कूलचा. ब्रिटनमध्ये पब्लिक स्कूल म्हणजे इटन, हॅरो यांच्या पठडीतली महागडी खासगी शाळा. म्हणजे हुद्दा मॅनरिंगचा मोठा, घराणं विल्सनचं. विल्सन नुसतं हलक्या आवाजात "असं करणं शहाणपणाचं आहे का, सर?" विचारतो आणि मॅनरिंगचा तिळपापड होतो. १९७३च्या ‘द ऑनरेबल मॅन’ या भागात विल्सनला नावाआधी ‘ऑनरेबल’ ही उमराव घराण्यातल्यांची उपाधी लावण्याचा मान मिळतो आणि लगेच गोल्फ क्लबाचं दार उघडतं. त्याच क्लबात शिरायला मॅनरिंग कित्येक वर्षं धडपडतोय. त्या वेळी मॅनरिंग झालेल्या आर्थर लोचा चेहरा बघा. संवाद नाही समजला तरी चालेल.

हीच गोष्ट उलट बाजूने बघायची तर ‘फॉल्टी टॉवर्स’चा पहिलाच भाग, १९७५चा. टॉर्की या इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या गावातलं छोटं हॉटेल. त्याचा मालक बेसिल, त्याला ‘वरच्या दर्जाचे’ पाहुणे हवेत. लॉर्ड मेलबरी नावाचा माणूस येतो आणि बेसिल त्याच्यापुढे अक्षरशः लोटांगण घालतो, बसलेल्या कुटुंबाला टेबलावरून उठवतो. लंडनी बोलीत बोलणाऱ्या साध्या पाहुण्याला मात्र हाडतूड करतो. लॉर्ड निघतो भामटा, त्याच्या बॅगेत विटा. साधा पाहुणा असतो पोलिस. "बेसिल चिडका आहे म्हणून हसायचं" असं अनेक जण लिहितात. नाही! कुणासमोर वाकायचं हे तो उच्चारावरून ठरवतो, हसायचं ते त्याला.

आणि तिसऱ्या बाजूने ‘कीपिंग अप अपिअरन्सेस’, १९९० ते १९९५. हायसिंथचं आडनाव बकेट, म्हणजे बादली. ती ठणकावून ‘बुके’ म्हणवून घेते. एवढं सगळ्यांना कळतं. पण तिच्या बहिणीच्या घरासमोरची भंगार गाडी बघा. ते कौन्सिलचं घर आहे, म्हणजे नगरपालिकेकडून भाड्याने मिळालेलं. गाडीतला कुत्रा भुंकतो, हायसिंथ कुंपणाच्या झुडपात कोलमडते. ती नुसती कुत्र्याला दचकत नाही. जिथून ती वर आली, तीच जागा दर वेळी तिला खाली पाडते. आणि मेहुणा ऑन्स्लो, बनियनवर बिअर पीत बसलेला, कुणालाच काही दाखवायला जात नाही. मालिकेतला सगळ्यात निवांत माणूस तोच.

काही संदर्भ मात्र माहितीच असावे लागतात. ‘डॅड्स आर्मी’त खाटीक जोन्स कागदात गुंडाळलेले सॉसेज हळूच सरकवतो आणि हशा पिकतो. युद्धात मटणावर रेशन होतं. सॉसेज रेशनवर नव्हते, पण मिळायचे मुश्किलीने. रेशनिंग पूर्ण उठलं १९५४ साली. म्हणजे १९६८च्या प्रेक्षकांपैकी बहुतेक प्रौढांनी ते रेशनकार्ड स्वतः हाताळलेलं होतं. त्यांना ती पुडी बघताच कळायचं.

‘येस मिनिस्टर’ आपल्याला सगळ्यात लवकर पचतं, कारण मंत्री-सचिव ही जोडी आपल्याकडेही आहे. २००१मध्ये ‘जी मंत्रीजी’ हिंदीत आलं, फारूख शेख मंत्री आणि जयंत कृपलानी सचिव. पण मूळ मालिकेत इथेही वर्ग आहे: मंत्री हॅकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा, सचिव सर हम्फ्री ऑक्सफर्डचा, आणि हम्फ्री ते टोचल्याशिवाय राहत नाही.

ही मालिका बघताना सबटायटल इंग्रजीच ठेवा. हम्फ्रीचं लांबलचक वाक्य सुरू झालं की शब्द पकडायच्या मागे लागू नका. ते वाक्य न कळण्यासाठीच रचलेलं आहे. त्या वेळी हॅकरकडे बघा, मग त्याचा खासगी सचिव बर्नार्ड याच्याकडे. वाक्य संपल्यावर हॅकर बहुतेक वेळा एक छोटासा, सरळ प्रश्न विचारतो. हम्फ्री त्याचं उत्तर देतो का तेवढं ऐका, आणि मग ते लांब वाक्य सावकाश पुन्हा लावा.