लघवीची नळी लावून पेशंट घरी आलाय? आधी पिशवी कुठे टांगलीय ते बघा

नमस्कार. डिस्चार्जचा कागद मिळतो, गोळ्यांच्या वेळा समजावून सांगतात, आणि निघता निघता कुणीतरी म्हणतं, "नळी राहू द्या तशीच, पंधरा दिवसांनी दाखवायला या." संपलं. आता ती नळी, ती पिशवी आणि घरातले तुम्ही. मी नर्स आहे, आणि आजचा व्हिडिओ त्या मधल्या पंधरा दिवसांसाठी आहे.

(हातात नवी नळी आणि पाणी भरलेली सिरिंज)

ही फॉलीची नळी. फ्रेडरिक फॉली नावाच्या अमेरिकन युरॉलॉजिस्टनी 1930 च्या दशकात ती तयार केली, म्हणून हे नाव. आता टोकाकडे लक्ष द्या. मी सिरिंजने 10 मिली निर्जंतुक पाणी सोडतेय. फुगला बघा फुगा, लहान आवळ्याएवढा. हा मूत्राशयाच्या तोंडाशी आतून अडकून बसतो, म्हणून नळी निसटत नाही. आणि आता विचार करा, हा फुगलेला फुगा तसाच लघवीच्या अरुंद वाटेतून कुणी हिसका देऊन ओढला तर? रात्री झोपेत भांबावलेले आजोबा नेमकं तेच करतात, आणि मग रक्त थांबत नाही म्हणून धावपळ.

म्हणून नळी चिकटपट्टीने अंगाला बांधायचीच. बायकांना मांडीच्या आतल्या बाजूला, पुरुषांना मांडीवर वरच्या अंगाला किंवा ओटीपोटावर. थोडी ढील ठेवा, पाय हलवला तरी ताण यायला नको. नळी निघून आलीच तर परत आत सारू नका. कात्री तर लावूच नका.

(युरोबॅग हातात घेऊन)

आता पिशवीकडे येऊ, कारण घरोघरी चूक होते ती इथे. लघवी उताराने वाहते, त्यामुळे पिशवी चोवीस तास मूत्राशयाच्या खाली हवी. कॉटवर झोपलेला असताना सगळे बरोबर टांगतात. गडबड होते पेशंटला हलवताना. रिक्षात बसवताना पिशवी मांडीवर, स्ट्रेचरवर घेताना पोटावर, जिना उतरवताना कुणाच्या तरी खांद्याएवढी उंच! "सिस्टर, पिशवीला व्हॉल्व्ह असतो ना, उलटं जात नाही," असं मला सांगतात. असतो, बऱ्याच पिशव्यांना असतो. पण हे बघा, तो इथे आहे, पिशवीच्या तोंडाशी. ही वरची एवढी लांब नळी आहे ना, तिच्यात थांबलेली लघवी व्हॉल्व्हच्या अलीकडे राहते. पिशवी वर गेली की ती सरळ आत परत. म्हणून हलवण्याआधी पिशवी रिकामी करा, नळीतली लघवी खाली उतरवा, मग उचला.

पिशवी जमिनीलाही टेकू द्यायची नाही. पेशंट खाली गादीवर झोपत असेल तर तेवढ्या दिवसांसाठी कॉट मागून आणा, दुसरा चांगला इलाज नाही. आणि कॉटच्या वरखाली होणाऱ्या कठड्याला पिशवी अडकवू नका. कठडा वर केला की पिशवीही वर.

दुसरी गोष्ट हा सांधा. नळी आणि पिशवी जिथे जोडलीय ती जागा. आंघोळ घालायला सोपं जातं म्हणून इथून काढून ठेवतात. नका काढू. जंतू नळीच्या बाहेरच्या बाजूने वर चढतात आणि आतूनही, आणि आतली वाट आपणच उघडून देतो. नळी असताना रोज साधारण 3 ते 7 टक्के पेशंटच्या लघवीत नव्याने जंतू येतात, महिन्याभरात जवळजवळ सगळ्यांच्या. त्यामुळे नुसते रिपोर्टमध्ये जंतू दिसले, लघवी गढूळ झाली किंवा वास आला म्हणून अँटिबायोटिक सुरू करायचं नसतं. थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत दुखायला लागलं, ओटीपोट दुखलं, किंवा काल नीट बोलणारी आजी आज असंबद्ध बोलायला लागली, तर मात्र डॉक्टरांना फोन. तपासायला लघवी पिशवीतून काढून देऊ नका. नमुना नळीवरच्या ठरलेल्या जागेतून सिस्टर घेतील.

स्वच्छतेचं थोडक्यात. रोज साबण-पाणी, बस. डेटॉल, बीटाडीन, पावडर, काही नको. बायकांना पुढून मागे पुसा. पुरुषांची कातडी मागे घेऊन धुतली तर आठवणीने पुन्हा पुढे आणा. मागेच राहिली तर सुजते आणि अडकून बसते.

पिशवी साधारण दोन लिटरची असते, अर्धी-पाऊण भरली की रिकामी करा. वेगळं भांडं ठेवा, तोटी भांड्याला टेकवू नका, हात आधीही धुवा आणि नंतरही. मोजमाप वहीत लिहा. 60 किलोच्या माणसाला तासाला निदान 30 मिली लघवी व्हायला हवी.

आणि पिशवीत काहीच येत नसेल तर? आधी नळीवर हात फिरवत जा. दुमडलीय का, पेशंट तिच्यावरच झोपलाय का. नंतर विचारा, पोट कधी साफ झालं होतं? बद्धकोष्ठतेने आतून दाब येऊन नळी अडते, बाजूने लघवी गळते, आणि लोक म्हणतात "मोठी नळी टाका." मोठ्या नळीने उलट त्रास वाढतो. हे सगळं पाहूनही थेंब नाही आणि ओटीपोट टणक लागतंय, तर सकाळची वाट बघू नका. ज्यांच्या मानेच्या किंवा छातीच्या वरच्या मणक्याला इजा झालीय त्यांच्यात तर नळी तुंबली की बीपी एकदम चढतं. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. तिथे मिनिटं मोजायची असतात.

एक मजेशीर प्रकारही सांगते. कधी कधी पिशवी चक्क जांभळी होते. घरात गोंधळ उडतो, कुणी नजर काढायला बसतं. बद्धकोष्ठता आणि लघवीतले काही जंतू मिळून निळा-लाल रंग तयार होतो, तो प्लॅस्टिकला चढतो. दिसायला भीतीदायक, पण पेशंट बरा असेल तर डॉक्टरांना सांगा आणि पोट साफ होईल असं बघा.

आता नळी काढायचं. प्रत्येक भेटीत स्वतःहून विचारा: अजून हवीय का? विसरून राहिलेल्या नळ्या मी भरपूर पाहिल्यात. डायपर बदलायचा कंटाळा, हे काही नळी ठेवायचं कारण नाही. काढण्याआधी बांधून-सोडून "सवय" लावायची पद्धत अजून चालते. थोड्याच दिवसांच्या नळीला त्याचा फायदा दिसलेला नाही, आणि घरी तर स्वतःच्या मनाने चिमटा लावूच नका. काढल्यावर एकदोनदा उन्हाळी लागल्यासारखी जळजळ होईल, पाणी प्यायला द्या. पण सहा ते आठ तासांत लघवी झालीच नाही किंवा नुसते थेंब येताहेत आणि पोट फुगतंय, तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.