क्रॉसमॅच न जुळलेल्या रक्ताची गोष्ट

ओ गटाचं रक्त कुणालाही चालतं, हे आपण सगळ्यांनी शाळेत घोकलंय. आज घरी जाताना ते वाक्य थोडं खरवडून टाका, एवढंच मागणं आहे.

१९५२ साली मुंबईत परळला, सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएममध्ये, दोन रुग्णांना रक्त हवं होतं. एक रेल्वे अपघातातला, दुसऱ्याला भोसकलेलं. दोघांच्या लाल पेशी ना अँटी-एला चिकटल्या, ना अँटी-बीला (ए आणि बी ओळखून त्यांना चिकटणारी ही प्रतिपिंडं). म्हणजे ओ. पण क्रॉसमॅच लावला, म्हणजे रुग्णाचं सिरम (रक्तातला पेशी वगळून उरणारा द्रव) दात्याच्या पेशींशी जुळतं का हे पाहिलं, तर दोघांच्या सिरममुळे ओ गटाच्याच पेशी एकमेकींना चिकटायला लागल्या. एक दाता झाला, दुसरा झाला, करता करता दीडशेच्या वर बाटल्या तपासल्या. मग कुठे एकाचं रक्त जुळलं, तोही मुंबईचाच.

रक्तपेढीत घाईच्या वेळी 'नळी खराब असेल' म्हणून पुढे जाणं फार सोपं असतं. डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी ते केलं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जे टिपण आलं, त्यात या तिघांबरोबर लंडनचे रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांचीही नावं आहेत. टिपण दीड-दोन पानांचं. पण त्यामुळे जगभरच्या रक्तपेढ्यांत आपल्या शहराचं नाव गेलं: 'बॉम्बे' गट. शहराचं नाव बदललं, गटाचं नाही बदललं!

आता मामला काय आहे? लाल पेशीच्या अंगावर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर बसली की 'एच' तयार होतो. हे जोतं समजा. या जोत्यावर ए किंवा बीचा खांब उभा राहतो. ओ गटात नुसतं जोतंच असतं, खांब नाही. बॉम्बे गटात जोतं घालणारा एन्झाइमच चालत नाही, मग खांब कशावर उभा राहणार? नेहमीच्या तपासणीत आपण फक्त खांब शोधतो. खांब दिसला नाही की लिहून मोकळे होतो 'ओ'. पण या माणसाच्या शरीराला जोतंच परकं. त्याच्या सिरममध्ये अँटी-ए, अँटी-बी आणि वर अँटी-एचही. त्यातला हा तिसरा शरीराच्या तापमानालाही जोरात काम करतो. ओचं रक्त चढवलं तर पेशी रक्तवाहिनीतच फुटतात.

जाता जाता पुण्याची एक गंमत. १९५१ मध्ये आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजातल्या बर्ड यांना दिसलं, की कुळथाच्या अर्कानं ए-वन (ए गटाचाच एक पोटप्रकार) पेशी एकमेकींना चिकटतात. आजही तो अर्क वापरात आहे. (कुळथाचं पिठलं आवडणाऱ्यांनी घाबरू नये.) एच शोधायला मात्र यूलेक्स या युरोपातल्या काटेरी, पिवळ्या फुलांच्या झुडपाचं बी लागतं.

मला भाटियांचं पुढचं काम जास्त मोलाचं वाटतं. एक चमत्कारिक रुग्ण सापडणं हा नशिबाचा भाग असतो. असे किती आहेत हे मोजत बसणं हे चिकाटीचं काम, आणि त्याच्या बातम्या होत नाहीत. १९७४ मध्ये त्यांनी आणि साठे यांनी मुंबईसाठी आकडा दिला: साधारण ७,६०० जणांत एक. युरोपात तो दहा लाखांत एखादा. आपल्याकडे नात्यात लग्नं होतात तिथे तो अधिक सापडतो, कारण आई-बाप दोघांकडून तोच दोष यावा लागतो.

माझ्या उमेदवारीच्या दिवसांतली एक रात्र सांगतो. रुग्णाचा कागद म्हणत होता 'ओ'. तो करणाऱ्यानं फक्त सेल ग्रुपिंग, म्हणजे पेशींची तपासणी केली होती; सिरम ग्रुपिंगला, म्हणजे सिरम ठरावीक पेशींशी तपासण्याला फाटा दिला होता. मी रुग्णाच्या सिरममध्ये ओ सेल्स घातलेली नळी उजेडात धरून टिचकी मारली. तळाला चिकटलेल्या पेशींचं बटण सुटेना. दुसरी ट्यूब केली. तेच. सिनियर टेक्निशियन म्हणाल्या, "दाते नंतर शोध रे, आधी भावंडांना बोलाव." सख्ख्या भावंडात हा गट असण्याची शक्यता चारात एक. पहाटे बहीण आली. तिची नळी मी तीनदा हलवली. बटण तसंच चिकटून बसलेलं. क्रॉसमॅच पहिल्या फटक्यात जुळला. तिची पिशवी भरत असताना ती विचारत होती, "मग मला कधी लागलं तर?" मी म्हटलं, "ताई, आधी हा बरा होऊ दे. तुम्हाला त्याचंच चालेल."