औषधांचं पासबुक

मार्च महिन्याचा शेवटचा आठवडा होता. आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या दारात टेम्पो उभा राहिला आणि त्यातून खोकल्याच्या औषधाची खोकी उतरायला लागली. स्टोअर भरलं, मग व्हरांडा भरला. आम्ही मागितल्या होत्या रक्तदाबाच्या गोळ्या. तुम्ही म्हणाल, कोणीतरी पैसे खाल्ले. तसं काही नव्हतं, आणि खरी गंमत तिथेच आहे. निधी फेब्रुवारीत सुटला, एकतीस मार्चच्या आत खर्ची पडायला हवा होता, आणि दर करारात, म्हणजे आधीच दर ठरवून ठेवलेल्या यादीत, जे हाताशी होतं ते मागवलं गेलं. प्रत्येकाने आपापलं काम नियमाला धरून केलं होतं. रक्तदाबाच्या पेशंटला मात्र 'बाहेरून आणा' अशी चिठ्ठी मिळाली.

सार्वजनिक आरोग्यसेवेचा कारभार सुधारायचा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा खुर्ची येते. तिच्यावर डॉक्टर बसवायचा, सनदी अधिकारी बसवायचा की बाहेरून व्यवस्थापक आणायचा? ब्रिटनमध्ये 1983 साली थॅचरबाईंच्या सरकारने सेन्सबरी या किराणा दुकानांच्या साखळीतले रॉय ग्रिफिथ्स यांना तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा कारभार तपासायला सांगितलं. त्यांचा अहवाल चोवीसेक पानांचा. त्यातला सवाल असा, की हातात दिवा घेतलेली नाइटिंगेलबाई आज आपल्या दवाखान्यांतून फिरली, तर इथला कारभारी कोण हेच शोधत बसेल. सवाल बिनतोड होता. त्यानंतर तिथे व्यवस्थापक आले, सरकारी दवाखान्यांनीच एकमेकांशी स्पर्धा करायचा 'अंतर्गत बाजार' आला, दवाखान्यांना आपला कारभार आपण पाहू देणारे ट्रस्ट आले. आरोग्यसेवेचा रोजचा कारभार मंत्र्याच्या हातून काढावा म्हणून 2012च्या कायद्याने एक वेगळी यंत्रणा उभी केली. मार्च 2025 मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी तीच यंत्रणा बंद करून तिचं काम पुन्हा खात्याकडे नेण्याचं जाहीर केलं. तेरा वर्षांत गाडी फिरून त्याच स्टेशनात आली. ब्रिटनच्या सेवेचा मला आदर आहे, पण खुर्च्यांची ही संगीतखुर्ची पाहून माझा या वाटेवरचा विश्वास उडाला आहे.

म्हणून आज मी तुम्हाला चेन्नईला नेतो. तमिळनाडूने 1994 मध्ये औषध खरेदीसाठी कंपनी कायद्याखाली एक महामंडळ नोंदवलं आणि 1995च्या सुरुवातीला ते कामाला लागलं. मालकी शंभर टक्के सरकारची. म्हणजे खासगीकरण नाही, की परदेशी सल्लागारांचा ताफा नाही. त्यांनी बदललं ते काम करण्याचं वळण.

आधी यादी छाटली. जो विक्रेता येईल त्याचं औषध घ्यायचं हे थांबवून अडीचशेच्या आसपास आवश्यक औषधं निवडली आणि तीही ब्रँडने नव्हे, मूळ नावाने. सबंध राज्याची मागणी एकत्र केली. निविदा दोन पाकिटांत: तांत्रिक पाकिटात जो टिकेल त्याचंच दराचं पाकीट फोडायचं. विकत घ्यायचं ते थेट उत्पादकाकडून, मध्ये दलाल नाही. दर खाली आले ते यामुळे.

पण स्वस्त म्हणजे खडूची गोळी, ही आपली जुनी शंका. तिचा बंदोबस्त मला सगळ्यात आवडतो. माल जिल्ह्याच्या गोदामात उतरला की तो बाजूला ठेवायचा, वाटायचा नाही. प्रत्येक बॅचचे नमुने चेन्नईला जातात. तिथे कंपनीचं नाव झाकून त्यांवर नुसता सांकेतिक क्रमांक घालतात आणि ते नेमलेल्या प्रयोगशाळेत पाठवतात. आपण कोणाची गोळी तपासतोय हे प्रयोगशाळेला ठाऊक नाही, आणि आपली गोळी कुठे गेली हे कंपनीला ठाऊक नाही. अहवाल चांगला आला तरच माल वाटपाला मोकळा आणि बिलही मोकळं. आपल्या विद्यापीठात उत्तरपत्रिकेवरचा बैठक क्रमांक झाकतात ना, तसंच हे. यात कोणी फार सज्जन असण्याची गरजच पडत नाही.

आणि आता पासबुक. प्रत्येक दवाखान्याला वर्षाची रक्कम ठरवून एक पासबुक दिलं. औषध-खर्चाचा मोठा वाटा त्यात, आणि साधारण दहा टक्के रक्कम अडीअडचणीला स्थानिक खरेदीसाठी दवाखान्याच्याच हातात. डॉक्टरने आपल्या पेशंटकडे पाहून मागणी करायची, गोदामातून माल उचलायचा, तेवढी रक्कम पासबुकातून वजा. आमच्याकडे माल वरून खाली यायचा, तिथे मागणी खालून वर जायला लागली. खोकल्याचं औषध पाठवलं तर घेणारच कोण? त्याचे पैसे आपल्याच खात्यातून जाणार. सुटी गोळी कागदाच्या पुडीत बांधून देण्याऐवजी पट्टीत आली, तीवर सरकारी शिक्का आला, त्यामुळे ती बाजारात विकणंही अवघड झालं.

राजस्थानने ही रीत उचलली. 2 ऑक्टोबर 2011 पासून तिथे सरकारी दवाखान्यांत मोफत औषध योजना सुरू झाली. ती चालवणारे समित शर्मा हे सनदी अधिकारी स्वतः डॉक्टर, आणि त्याआधी चित्तोडगडला जिल्हाधिकारी असताना स्वस्त जेनेरिक औषधांची दुकानं सुरू करून बसलेले. म्हणजे योजना येण्यापूर्वी तिचा सराव झालेला होता.

आपण महाराष्ट्राने काय केलं? 2017 मध्ये खरेदीचं काम हाफकिनच्या महामंडळाकडे सोपवलं. परळची ती संस्था म्हणजे आपलं भूषण. प्लेगच्या लशीपासूनचा तिचा वारसा. पण लस तयार करणं वेगळं आणि शेकडो वस्तूंच्या निविदा काढणं वेगळं. उत्तम गवयाला तुम्ही मांडवाच्या कंत्राटाचा हिशेब ठेवायला बसवलंत तर मांडवही नीट होत नाही आणि गाणंही राहतं. पुढे 2023 मध्ये त्यासाठी कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण आणलं. हे शहाणपण उशिरा का होईना सुचलं, पण प्राधिकरण ही पुन्हा एक खुर्चीच आहे. तिच्याकडे मी तीन गोष्टी विचारीन: पासबुक दवाखान्याच्या हातात आहे का, नमुन्यावरचं नाव झाकतात का, आणि पुरवठादाराचं बिल किती दिवसांत निघतं? हा तिसरा प्रश्न फार कोणी विचारत नाही. बिल वर्षभर अडकणार हे माहीत असलेला चांगला उत्पादक निविदाच भरत नाही, आणि भरतो तो उशिराची किंमत दरात लावूनच.

आमच्या त्या रुग्णालयात एक औषध निर्माण अधिकारी होते. ऑनलाइन नोंदी यायच्या आधीची गोष्ट सांगतो. साठा-नोंदवही ते नियमाप्रमाणे ठेवायचेच, पण टेबलाच्या खणात त्यांची स्वतःची एक शंभर पानी वही असायची. तिच्यात त्यांनी पट्टीने रकाने आखले होते: काय मागितलं, काय आलं, आणि मागितल्यापासून किती दिवसांनी आलं. पहिले दोन रकाने सरकारी नमुन्यात होते. तिसरा नव्हता.