तुरटीत उकळलेलं लाकूड

[दृश्य: कोरीव स्लेज-गाडीचा बारीक तडा, अगदी जवळून]

हा तडा जुना नाही. तो आजही वाढतो आहे.

नॉर्वेतल्या ओसेबर्गचा दफनढिगारा १९०४ साली उकरला गेला. इसवी सन ८३४ मधलं वायकिंग दफन. ही स्लेज त्यातलीच. मोठं जहाज ओकच्या लाकडाचं, ते सावकाश वाळवून टिकलं. पण मेपल-बर्चच्या वस्तूंमधलं सेल्युलोज, म्हणजे लाकडाला बळ देणारे तंतू, जवळपास संपलं होतं. आकार धरून ठेवला होता तो पाण्याने. अशा लाकडात कोरड्या वजनाच्या चौपटीहून जास्त पाणी असू शकतं. ते उडून जाताना पेशींच्या पोकळ भिंती आत ओढल्या जातात. वस्तू आक्रसते, पिळवटते, आणि ती पुन्हा फुलवता येत नाही.

त्या काळी उपाय होता तुरटीचा. गढूळ पाण्यात आपण फिरवतो तीच. दाट द्रावण, साधारण ९० अंश तापमान, तुकड्याच्या जाडीप्रमाणे २ ते ३६ तास. थंड होताना तुरटीचे स्फटिक पोकळ्यांत जमतात आणि लाकडाला आतून टेकू देतात. मग वाळवणं, जवसाचं तेल, सरस, खिळे-स्क्रू, वरून वार्निश.

टेकू मिळाला, पण फक्त बाहेरच्या थराला. गाभा पोकळच राहिला. शिवाय तापलेल्या तुरटीतून सल्फ्युरिक आम्ल तयार झालं. पीएच जितका कमी, तितकं आम्ल तीव्र. लिंबाच्या रसाचा पीएच साधारण २. या लाकडाचा १, म्हणजे आम्लता दहापट. लाकडाचे तंतू सांधणारं उरलंसुरलं लिग्निनही त्यात झिजतं.

म्हणून साठवणीत आर्द्रता स्थिर हवी. ती वर-खाली झाली की तुरटी विरघळते, पुन्हा गोठते, आणि दर खेपेला कण सुटतात. ओल्या फडक्याने पुसायचं नाही. उचलायची वस्तू नव्हे, खालचा आधार.

आज ओलं लाकूड आलं तर ते पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पाण्यात विरघळणाऱ्या मेणासारख्या रसायनाच्या द्रावणात ठेवून त्याचं प्रमाण टप्प्याटप्प्याने, बहुधा ४० टक्क्यांपर्यंत, वाढवतात. मग गोठवून निर्वातात वाळवतात. त्याआधी एक काम कधीही चुकवू नये: कार्बन कालमापनासाठी तुकडा वेगळा काढणं. ग्लायकॉल खनिज तेलापासून बनलेलं, त्यामुळे वय खोटं वाढतं; जवसाच्या तेलाने ते घटतं.

आणि ओसेबर्गचं आम्ल? तुरटी गरम पाण्यात धुऊन निघते, पण तिच्याबरोबर आधारही जातो. त्यामुळे आम्ल मारण्यासाठी अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या चुन्याच्या अतिसूक्ष्म कणांचे प्रयोग झाले आहेत. जुन्या तेला-वार्निशाखालून ते गाभ्यापर्यंत पोचवणं, हाच त्यातला अवघड भाग.