फिलिपा फूट : ट्राम निघून गेल्यावर

बेफाम सुटलेली ट्राम. एका रुळावर पाच माणसं काम करतायत, दुसऱ्या रुळावर एकच. चालकाने ट्राम कुठे वळवायची?

हे कोडं जगभर गाजलं. ते मांडणाऱ्या ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट मात्र मागे राहिल्या. खरं तर १९६७ साली गर्भपातावर लिहिलेल्या लेखातलं ते नुसतं एक उदाहरण होतं.

त्यांचा प्रश्न त्याआधीचा, १९४५ मधला. नाझी छळछावण्यांची छायाचित्रं इंग्लंडात पोहोचली होती. आणि तत्त्वज्ञांमध्ये चलती होती ती ‘हे वाईट आहे’ म्हणजे फक्त बोलणाऱ्याची नापसंती, या मताची. मग नाझींना काय सांगायचं, आम्हाला आवडलं नाही? फूट यांना हे पटेना. का पटत नाही, ते सांगण्यात पुढची पन्नासेक वर्षं गेली.

ऑक्सफर्डचं सॉमरव्हिल कॉलेज. जेवणं उरकली की समोर सहकारी तत्त्वज्ञ एलिझाबेथ अ‍ॅन्सकम. वाद रोजचा, हारही रोजची. फूट पुढे सांगायच्या, चित्रकथेतलं पात्र रोडरोलरखाली सपाट होतं आणि पुढच्या भागात पुन्हा उभं असतं, तशी आपली गत व्हायची. अ‍ॅन्सकम श्रद्धाळू कॅथलिक, फूट पक्क्या नास्तिक. तरी सद्गुणांवर लिहिताना फूट यांनी आधार घेतला तो मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मचिंतक संत थॉमस अक्वायनस यांचा!

१९७८ मध्ये निबंधांचं पुस्तक आलं. त्यातला एक पेच पाहा. ज्याला चोरीचा मोह आवरावा लागतो तो जास्त प्रामाणिक, की ज्याच्या ते मनातही येत नाही तो? फूट विचारतात, मोह आवरणं जड कशामुळे जातंय? गरिबीमुळे जात असेल, तर हात आवरण्याचं मोल वाढतं. मनातच खोट असेल, तर तेवढा प्रामाणिकपणा कमी.

ऑक्सफर्डची कायमची जागा त्यांनी १९६९ मध्येच सोडली होती. मग अमेरिका, बराच काळ लॉस एंजेलिस. ‘नॅचरल गुडनेस’ हे सलग लिहिलेलं एकमेव पुस्तक २००१ मध्ये आलं, ऐंशीव्या वर्षी. ओकच्या झाडाला खोल मुळं लागतात, तसे माणसाला सद्गुण, असं त्यात त्या म्हणतात.

त्याच पुस्तकात १९४४ सालचं एक पत्र आहे. सुडेटनलँडमधला, म्हणजे नाझींनी घेतलेल्या चेकोस्लोव्हाकियाच्या जर्मनभाषक भागातला, शेतकऱ्याचा मुलगा आईवडिलांना कळवतो, की एसएस या नाझींच्या सशस्त्र दलात भरती व्हायला नकार दिला म्हणून मला मृत्युदंड होणार आहे. भरतीच्या कागदावर सही केली असती तर तो सुखात जगला असता? फूट म्हणतात, सुख त्याचं गेलंच. पण सही करूनही ते त्याला मिळण्यासारखं नव्हतं.